जुने पिस्तूल अडले, तर कानस लावण्याआधी मॅगझिन पाहावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वारशाने आलेल्या जुन्या शस्त्रांच्या देखभालीविषयी जो मजकूर प्रसिद्ध झाला, तो मी आस्थेने वाचला. परवान्याचे नूतनीकरण, शस्त्र कुलपात ठेवण्याची पद्धत, दसऱ्याच्या पूजेसाठी ते बाहेर काढताना घ्यायची काळजी याविषयीची माहिती उपयुक्त आहे आणि तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु जुन्या अर्धस्वयंचलित पिस्तुलात काडतूस नीट चढत नसेल, तर चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या पोकळीच्या, तोंडाशी असलेला उतार कारागिराकडून घासून गुळगुळीत करून घ्यावा, असा जो एका वाक्याचा सल्ला त्या मजकुरात आहे, तो वाचल्यावर हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पस्तीस वर्षे टूलरूममध्ये काढल्यामुळे मला एवढे ठामपणे सांगता येते की, ज्या यंत्राने अनेक वर्षे बिनतक्रार काम केले आणि ते अलीकडेच अडू लागले, त्या यंत्राचा आकार बदलण्याची घाई करू नये. उतार जसा होता तसाच आहे, मग बदलले काय, हा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा मॅगझिन (काडतुसे भरायची पेटी), काडतूस, तेल किंवा स्प्रिंग या चारांपैकी एखाद्यात सापडते.

माझ्याकडे असलेले पिस्तूल माझ्या चुलत आजोबांचे. निफाड तालुक्यात त्यांचा कांद्याचा व्यापार होता आणि लासलगावच्या बाजारातून रोकड घेऊन बैलगाडीने परतावे लागत असे, म्हणून त्यांनी परवाना काढला होता. त्यांच्यानंतर ते वडिलांकडे आणि वडिलांनंतर रीतसर अर्ज करून माझ्याकडे आले. ते आहे कोल्ट कंपनीचे १९०३ चे मॉडेल, ०.३२ बोअरचे, आठ काडतुसांच्या मॅगझिनचे. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी तंत्रज्ञाच्या आराखड्यावरून हार्टफर्डच्या कारखान्यात ते १९०३ पासून १९४५ पर्यंत बनत होते आणि ०.३२ बोअरचेच सुमारे पावणेसहा लाख नग बाहेर पडले. त्याला 'हॅमरलेस' म्हणत असले तरी त्यात घोडा (हॅमर) असतोच, फक्त तो स्लाइडच्या, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, आत झाकलेला असतो. आपल्याकडे जुन्या घराण्यांत जी पिस्तुले आढळतात, त्यांत ही कोल्ट, बेल्जियमच्या एफएन कारखान्याची ब्राउनिंग आणि बर्मिंगहॅमची वेब्ली अँड स्कॉट ही ०.३२ बोअरची मंडळी अधिक दिसतात. तिन्हींची ठेवण निरनिराळी असली, तरी काडतूस एकच आणि अडण्याच्या तऱ्हाही बऱ्याच सारख्या आहेत.

काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये जाते कसे, हे डोळ्यांपुढे आणल्याशिवाय दोष कळत नाही. गोळी सुटली की मागे ढकलली गेलेली स्लाइड रिकामी पुंगळी (काडतुसाचे पितळी कवच) बाहेर फेकते आणि मुख्य स्प्रिंगच्या जोराने पुन्हा पुढे येते. येताना ती मॅगझिनमधल्या सर्वांत वरच्या काडतुसाच्या बुडाला वरच्या कडेशी धक्का देते. ते काडतूस मॅगझिनच्या दोन्ही ओठांमधून, म्हणजे तोंडाशी आत वळलेल्या कडांमधून, पुढे सरकते, त्याचे नाक उतारावर चढते, ओठांनी सोडल्याबरोबर मागचा भाग वर उचलला जातो, बुडाची कड पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली शिरते आणि काडतूस चेंबरमध्ये बसते. हे सगळे पापणी लवायच्या आत घडते. यात उताराचे काम फक्त वाट दाखवण्याचे असते. काडतूस त्या वाटेवर कोणत्या उंचीने आणि कोणत्या कोनात यावे, हे ठरवतात मॅगझिनचे ओठ, आतला फॉलोअर (काडतुसांना खालून उचलणारी पट्टी) आणि त्याखालची स्प्रिंग. गाडी सारखी एकाच बाजूला ओढत असेल तर आपण चाके पाहतो, रस्ता खणत नाही.

पुढचे लिहिण्यापूर्वी दोन गोष्टी स्पष्ट करणे माझे कर्तव्य आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार अग्निशस्त्राची दुरुस्ती करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो, आणि कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोजले जातात. त्यामुळे माझ्यासारखा मालक साफसफाई करू शकतो, निरीक्षण करू शकतो, दोष नेमका कुठे आहे हे शोधून काढू शकतो. परंतु भाग बदलणे, वाकवणे, घासणे ही कामे परवानाधारक कारागिराचीच, आणि सुटा भागही परवानाधारक दुकानातूनच घ्यायचा. टूलरूममधला अनुभव कितीही असला तरी मी ही मर्यादा ओलांडलेली नाही. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. या जातीच्या जुन्या नगांत मॅगझिन काढून घेतले तरी चेंबरमधली गोळी सुटू शकते. कोल्टच्या या मॉडेलमध्ये मॅगझिन काढल्यावर चाप अडवणारी योजना पुष्कळ नंतरच्या नगांत आली. म्हणून आधी मॅगझिन काढावे, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहावे, मग करंगळीने चाचपावे, आणि त्यानंतरच पिस्तूल टेबलावर घ्यावे. खरी काडतुसे त्या खोलीतही नसावीत.

माझ्या पिस्तुलाचे दुखणे असे होते. परवानाधारक नेमबाजी केंद्रात सरावाला गेलो की पहिल्या दोन गोळ्या व्यवस्थित सुटत आणि तिसरे किंवा चौथे काडतूस नाक खाली घालून उताराच्या पायथ्याशी अडकत असे. कधी ते अडकत नसे, पण स्लाइड पूर्ण बंद होण्याऐवजी नखाच्या जाडीइतकी मागे राहत असे. कधी हे दोन्ही न होता फक्त 'टक्' असा आवाज येई आणि पाहिले तर चेंबर रिकामे. तीन प्रकारच्या तक्रारी एकाच पिस्तुलात दिसल्या म्हणजे कोणालाही वाटते की पिस्तूलच म्हातारे झाले. मलाही तसेच वाटले होते. परंतु तीन लक्षणांना तीन कारणे असू शकतात, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली नाही तर ती एकमेकांत मिसळून जातात, हा धडा मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकाने केव्हा ना केव्हा फटका खाऊन घेतलेला असतो.

माझ्याजवळ दोन मॅगझिने होती. एक मूळचे, ज्याच्या तळावर कंपनीचे नाव आणि बोअर कोरलेले आहे, आणि दुसरे वडिलांनी नंतर कधीतरी घेतलेले, ज्याच्यावर कसलेच चिन्ह नाही. मी त्यांच्या तळाला नेलपॉलिशचे एक आणि दोन असे ठिपके दिले आणि प्रत्येक खेपेला कोणत्या मॅगझिनमधून कितवे काडतूस अडले, हे एका वहीत लिहू लागलो. परवान्यावर नोंदलेल्या संख्येइतकीच काडतुसे मिळत असल्याने प्रयोगाची हौस फार करता येत नाही, तरीही तीन खेपांतच चित्र स्पष्ट झाले. नाक खाली घालण्याची तक्रार एकट्या दोन ठिपक्यांच्या मॅगझिनची होती. पहिल्यातून तसे एकदाही झाले नाही. उतार दोघांनाही एकच होता. तो त्याच दिवशी निर्दोष ठरला.

दोन नंबरच्या मॅगझिनकडे मग मी नीट पाहिले. ते उजेडासमोर तिरके धरले तेव्हा पत्र्याच्या अंगाला एका बाजूने हरभऱ्याच्या डाळीएवढा पोचा दिसला. केव्हातरी ते फरशीवर पडले असणार. लाकडी काडीने फॉलोअर खाली दाबून सोडला, तर तो पोचाच्या पातळीला येऊन किंचित थबकायचा आणि मग पुढच्या बाजूने झुकून वर यायचा. वरची दोन काडतुसे जात असताना तो पोचाच्या बराच खाली असायचा, म्हणून पहिल्या दोन गोळ्या सुरळीत जात. तिसऱ्या-चौथ्याच्या वेळी तो नेमका अडणाऱ्या जागी पोहोचायचा आणि काडतुसाचे नाक पडलेल्या मानेसारखे खाली जायचे. ओठांमधले अंतर मी व्हर्नियरने दोन्ही मॅगझिनचे मोजले, तर दुसऱ्याचे ओठ मागच्या टोकाला चार दशांश मिलिमीटरने फाकलेले निघाले. पिस्तुलाच्या बाबतीत चार दशांश म्हणजे थोडेथोडके नव्हे. ते मॅगझिन परवानाधारक कारागिराला दाखवले असता त्याने ते सरळ करण्याऐवजी बाजूला काढावे असे प्रामाणिकपणे सुचवले, कारण जुना पत्रा एकदा फाकला की पकडीने आवळला तरी पुन्हा फाकतो. त्याचा हा सल्ला मला पटला.

मॅगझिनच्या संदर्भात आणखी एक तपासणी सहज करण्याजोगी आहे, ती म्हणजे मॅगझिन मुठीत पूर्ण वर बसते की नाही. या कोल्टमध्ये मॅगझिन धरून ठेवणारी खुंटी मुठीच्या तळाशी मागच्या बाजूला असते. ती झिजली की मॅगझिन अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली लोंबते आणि परत येणारी स्लाइड काडतुसाच्या कडेवरून नुसती घसरून जाते, चेंबर रिकामे राहते. रिकामे मॅगझिन बसवून तळावर बोटाने वर दाबावे. ते जाणवण्याइतके वर उचलले गेले, तर खुंटी किंवा मॅगझिनची खाच यांपैकी एक झिजलेली आहे असे समजावे.

०.३२ च्या काडतुसाचा स्वतःचा एक खोडसाळपणा आहे आणि तो आपल्याकडे फारच थोड्यांना माहीत असतो. आजची बहुतेक पिस्तुलांची काडतुसे बुडाशी सपाट असतात, म्हणजे त्यांची कड अंगाबाहेर येत नाही. याची मात्र येते. पुंगळीचे अंग बुडाजवळ साडेआठ मिलिमीटरच्या किंचित वर, तर कड ९.१ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला पाव मिलिमीटरहून थोडी अधिक कड पुढे आलेली असते. मॅगझिनमध्ये काडतुसे एकावर एक बसलेली असताना वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असली पाहिजे. ती चुकून मागे गेली, तर स्लाइडने वरच्याला पुढे ढकलताच दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि मॅगझिन कुलूप लावल्यासारखे घट्ट होते. काडतुसाची लांबी जास्तीत जास्त २५ मिलिमीटर धरून ही मॅगझिने बनली आहेत. गोल नाकाच्या, पूर्ण आवरण असलेल्या गोळीचे काडतूस ती जागा पुरेपूर व्यापते, म्हणून मागेपुढे सरकायला त्याला वाव मिळत नाही. पोकळ नाकाची आखूड काडतुसे त्याच मॅगझिनमध्ये भरली, तर मागेपुढे जागा उरते आणि पिस्तुलाच्या प्रत्येक धक्क्यासरशी कड मागे सरकण्याची शक्यता वाढते. ब्राउनिंगने हे पिस्तूल गोल नाकाच्या काडतुसासाठी बनवले. त्याला तेच द्यावे. मॅगझिन भरताना प्रत्येक काडतूस तिरके घालून मागच्या भिंतीला टेकेपर्यंत सरकवावे, आणि शेवटी वरच्या काडतुसावर अंगठा दाबून ते स्प्रिंगवर मोकळेपणाने खाली जाते ना, हे पाहावे. जाईना, तर कडा अडकल्या आहेत. अशा वेळी मॅगझिन पिस्तुलाबाहेर काढूनच, खालचे काडतूस लाकडी काडीने दाबून वरचे सोडवावे. स्क्रू-ड्रायव्हर खुपसणाऱ्यांनी ओठ वाकवून घेतल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

आता दुसरे लक्षण, स्लाइड नखभर मागे राहण्याचे. याने मला सर्वांत जास्त चकवले, कारण ते उन्हाळ्यात अजिबात दिसत नसे. वहीतल्या तारखा पाहिल्या तेव्हा लक्षात आले की सगळ्या नोंदी डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळच्या आहेत. आमच्या घरात पिस्तुलाला खोबरेल तेल लावायची चाल चुलत आजोबांपासूनची. निफाडची थंडी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना सांगायला नको की, पौषात न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली चुलीजवळ ठेवल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. ते चोवीस-पंचवीस अंशांखालीच थिजू लागते. तेच तेल स्लाइडच्या खाचांत, मॅगझिनच्या आत आणि एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली थिजून बसलेले होते, शिवाय कित्येक वर्षांच्या धुळीसह त्याची गोंदासारखी खळ झालेली होती. एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची ती खळ मी दात कोरायच्या काडीने काढली, तेव्हा तांबूस रंगाची, मेथीच्या दाण्याएवढी गोळी निघाली. नखाखाली एवढा ऐवज असल्यावर काडतुसाची कड तिथे शिरणार कशी? उरलेली साफसफाई रॉकेल आणि जुन्या दातघासणीने केली, पुसून कोरडे केले आणि शिलाई मशीनचे पातळ तेल, तेही बोटाला लागेल न लागेल इतकेच, स्लाइडच्या खाचांना लावले. मॅगझिनच्या आत मात्र तेल लावूच नये, कारण ते काडतुसांच्या बुडाशी झिरपून तिथली दारू पेटवणारी टोपी खराब करते आणि धूळही धरते. पुढच्या जानेवारीत, सकाळी सात वाजता, ही तक्रार एकदाही आली नाही.

तिसरे लक्षण, म्हणजे रिकाम्या चेंबरवरचा 'टक्', काडतुसांमुळे होते. वडिलांच्या डब्यातली काडतुसे मी काटकसर म्हणून सरावाला वापरत होतो. त्यांच्या पितळेला हिरवट थर चढला होता. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या या गावात कळक म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही. ज्या भांड्याला तो चढला त्यात आपण ताकही ठेवत नाही, मग त्या काडतुसात दारू ठीक असेल असे का मानावे? ओल शिरलेली दारू जेमतेम जळते, स्लाइड पुरती मागे जात नाही, पुढच्या काडतुसाच्या बुडामागे पोहोचण्याआधीच परत फिरते. याची खूण पुंगळ्यांवरून मिळते. पुंगळ्या नेहमी एखाद्या हातावर पडत असतील आणि आता पायाशीच पडू लागल्या किंवा स्लाइडच्या खिडकीत उभ्या अडकू लागल्या, तर काडतूस अशक्त आहे, तेल वाळले आहे किंवा कोणीतरी जास्त कडक स्प्रिंग घातली आहे. उलट पुंगळ्या फार लांब भिरकावल्या जाऊ लागल्या आणि हाताला बसणारा झटका टोकदार झाला, तर मुख्य स्प्रिंग थकली असे धरावे. मनगट सैल ठेवणाऱ्याच्या हातात चांगले पिस्तूलही अडते, हे वयस्कर परवानाधारकांनी मनाला लावून न घेता तपासावे. तेच पिस्तूल, तेच मॅगझिन दुसऱ्या अनुभवी नेमबाजाच्या हाती अडत नसेल, तर दोष कुठे आहे ते उघड आहे. नव्या काडतुसांसाठी दुकानात जाताना नुसते 'बत्तीसची द्या' असेही म्हणू नये. ०.३२ च्या रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब आणि रुंद कडेचे असते आणि ते या पिस्तुलाचे नव्हे. पिस्तुलाचे काडतूस ७.६५ मिलिमीटर या नावानेही ओळखले जाते. आपल्या खडकीच्या कारखान्याच्या पुंगळीच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरे असतात. डब्यावरचा मजकूर आणि बुडावरची खूण दोन्ही पाहूनच पैसे द्यावेत. आणि चाप ओढल्यावर 'टक्' झाले, तर लगेच स्लाइड ओढू नये. टोपी उशिरा पेटण्याची शक्यता असते, म्हणून नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबावे.

अतिजुन्या काडतुसांच्या बाबतीत एक इशारा वेगळा द्यावासा वाटतो. पूर्वीच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे, आणि ते जळल्यावर नळीत मिठासारखा क्षार उरतो. तेल त्याला विरघळवत नाही, पाणीच विरघळवते. अशी काडतुसे उडवून नुसता तेलाचा बोळा फिरवून ठेवलेल्या पिस्तुलाच्या चेंबरला पहिल्याच पावसाळ्यात गंजाचे खड्डे पडतात, आणि मग त्या खड्ड्यांत पुंगळी धरली जाते. आमच्या पिढीतल्या अनेक जुन्या पिस्तुलांच्या चेंबरची दशा अशीच झाली आहे. ती काडतुसे वापरू नयेत, परवानाधारक दुकानाच्या किंवा पोलिसांच्या सल्ल्याने त्यांची वासलात लावावी.

स्प्रिंग आणि एक्स्ट्रॅक्टर यांविषयी थोडक्यात. कोल्टची मुख्य स्प्रिंग नळीखाली असते, गुंडाळीची असते आणि बदलता येते. थकलेली स्प्रिंग ताणून लांब करण्याचा उद्योग करू नये, ती चार दिवसांत पुन्हा बसते. वेब्लीत हेच काम मुठीच्या उजव्या पट्टीखाली बसवलेली इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची पट्टीची स्प्रिंग करते, आणि ती तुटली तर तिच्या जोडीची मिळवणे हे स्वतंत्र दिव्य आहे, म्हणून वेब्लीवाल्यांनी ती पट्टी विनाकारण उघडू नये. चेंबरमध्ये हाताने सुटे काडतूस टाकून त्यावर स्लाइड सोडण्याची सवयही वाईट. नख अशा वेळी कडेवरून जबरदस्तीने उडी मारते आणि जुने पोलाद टवका उडून निकामी होते. काडतूस नेहमी मॅगझिनमधूनच चढवावे. घरी तपासणी करायची असेल तर दारू-टोपी नसलेली डमी काडतुसे घ्यावीत आणि स्लाइड हळूहळू न सोडता मागे ओढून एकदम सोडावी, नाहीतर जो दोष प्रत्यक्षात नाही तोच दिसू लागतो. अर्थात अशक्त काडतुसाचा किंवा सैल मनगटाचा दोष डमीने कळत नाही. मॅगझिनचा मात्र चांगला कळतो.

आता ज्या सल्ल्यामुळे हे पत्र लिहिण्याची वेळ आली, त्याच्याकडे वळतो. माझ्या ओळखीच्या एका परवानाधारकाचे असेच एक पिस्तूल अडत होते. त्यांनी ते बाहेरगावच्या एका कारागिराकडे दिले. त्याने मॅगझिनकडे बघितलेही नाही. उतार कानशीने उतरवला, वर पॉलिश पेपर फिरवून आरशासारखा चकचकीत केला आणि पैसे घेतले. पिस्तूल परत आल्यावर काही काळ ते बरे चाललेही, कारण त्या निमित्ताने त्याची प्रथमच साफसफाई झाली होती. नंतर त्यांनी मला दाखवायला रिकाम्या पुंगळ्या आणल्या, तेव्हा प्रत्येकीला बुडाच्या वर एकाच बाजूला पोट सुटलेले होते. उतार आणि चेंबर जिथे मिळतात ती कड मागे गेल्यामुळे पुंगळीचा तेवढा भाग पोलादाच्या आधाराबाहेर राहत होता, आणि गोळी सुटताना आतला दाब पितळेला तिथे फुगवत होता. आणखी थोडे घासले असते तर पुंगळी तिथे फुटली असती आणि गरम वायू मुठीतल्या मॅगझिनमध्ये, म्हणजे हाताच्या पंजात, शिरला असता. ती नळी बाद झाली. तशी दुसरी मिळवायची तर कायद्याची सगळी वाट पुन्हा चालावी लागणार, आणि या वयाच्या पिस्तुलाची सुटी नळी आपल्याकडे सहज मिळत नाही. मॅगझिन बदलून जे काम झाले असते, त्यासाठी पिस्तूल गमावले.

याचा अर्थ उतार कधीच दोषी नसतो असे मला म्हणायचे नाही. त्यावर गंज चढलेला असू शकतो, शिशाची किंवा तांब्याची पुटे बसलेली असू शकतात, ती तेलात भिजवलेल्या कापडाने आणि मऊ ब्रशने काढावीत. एखादा बारीक ओरखडा अनुभवी, परवानाधारक कारागीर भिंगाखाली पाहून हलकेच पुसून काढील, तेही चालेल. परंतु कोन बदलणे, खोली वाढवणे, कड मागे नेणे ही कामे जुन्या पिस्तुलावर करूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कारागिराकडे जाताना 'अडते आहे, बघा' एवढेच न सांगता कोणते मॅगझिन, कितवे काडतूस, कोणती काडतुसे, पुंगळी कुठे पडते, याची नोंद सोबत न्यावी. चांगला कारागीर ती वही आधी वाचतो. जो वाचत नाही, त्याच्याकडून पिस्तूल तसेच परत आणावे.

जाता जाता एक स्थानिक अडचण नोंदवतो. निवडणुकीच्या काळात ज्यांना तसा आदेश येतो, त्यांना शस्त्र जमा करावे लागते, आणि २०२४ साली तर लोकसभा व विधानसभा अशा दोन्ही निवडणुका एकाच वर्षात झाल्या. शस्त्र जमा करण्याला माझा आक्षेप नाही, ते आवश्यकच आहे. मात्र आपण ते चामड्याच्या म्यानात घालून देतो आणि तसेच ते आठवडेच्या आठवडे राहते. चामडे ओल धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेली द्रव्येही पोलादाला व पितळेला खातात. परत आलेल्या पिस्तुलावर म्यानाच्या शिवणीची नक्षी गंजाने उमटलेली मी पाहिली आहे. म्हणून जमा करण्यापूर्वी पिस्तूल रिकामे करावे, तेलाचा पातळ हात फिरवावा, म्यान घरी ठेवून कोरड्या सुती कापडात गुंडाळावे, मॅगझिन रिकामे आणि वेगळे द्यावे, आणि पावतीवर पिस्तुलाचा क्रमांक व मॅगझिनची संख्या दोन्ही लिहून घ्यावेत. परत आल्यावर सरावाला नेण्याआधी पुन्हा एकदा उघडून पुसावे. निवडणुकीनंतर 'पिस्तूल एकाएकी अडायला लागले' म्हणणाऱ्यांच्या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा या म्यानातच असते.

आपल्या पुरवणीचा वाचकवर्ग मोठा आहे आणि नाशिक जिल्ह्यात पिढीजात शस्त्रे असलेली शेतकरी व व्यापारी घरेही पुष्कळ आहेत. छापील शब्दावर विश्वास ठेवून त्यांतल्या एखाद्याने दसऱ्याआधी पिस्तूल घासायला दिले, तर ते नुकसान भरून निघणारे नाही. त्यामुळे पुढच्या रविवारी त्या एका वाक्याची दुरुस्ती आपण प्रसिद्ध करावी, अशी नम्र विनंती करतो. हवी असल्यास पोट सुटलेली एक पुंगळी, तिच्या मालकाच्या संमतीने, छायाचित्रासाठी मी आपल्या कार्यालयात घेऊन येईन.

आपला विश्वासू,
एक परवानाधारक वाचक
(निवृत्त टूलरूम पर्यवेक्षक), नाशिक